कड्यावरची साद

त्या रानात कोणी कोणाला तोंडावरून ओळखत नसे. पानांची दाटी इतकी होती की एका झाडावर बसलेल्याला शेजारच्या झाडावरचा पाहुणा क्वचितच दिसे. दिसलाच तर एखादे पीस, शेपटीचे टोक, हललेली फांदी. म्हणून ओळख ठरे ती सादेवरून. ज्याची साद ऐकू आली तोच आला, असे सारे रान धरून चाले.

आणि उसनवारीवाचून तिथे कोणाचेच भागत नसे. नदीकाठचे उंबर एका वेळी पिकत, खालच्या अंगाच्या जांभळी दुसऱ्या वेळी, माथ्यावरचे वड आणखी निराळ्या वेळी. ज्याची झाडे रिकामी असतील त्याने भरल्या झाडाच्या मालकाकडून फळे घ्यावीत आणि आपला हंगाम आला की फेडावीत, अशी रीत होती. प्रत्येक राईवर एक शेकरू राखणदार असे. मागणाऱ्याची साद आली की त्याला दोन गोष्टी जाणून घ्याव्या लागत: ही साद खरोखर कोणाची, आणि दिलेले परत येईल का. ते सांगत मैना.

मैना नदीच्या वळणावरच्या कड्यावर राहत. हे काम त्यांना कोणी सोपवले, ते कोणालाही सांगता आले नसते. त्या पूर्वीपासून प्रत्येक ढोलीजवळ, प्रत्येक पाणवठ्याजवळ बसून ऐकत आल्या होत्या, आणि ऐकलेले त्या विसरत नसत. रानातल्या हरेक पाखराची साद कड्यावरच्या कोणत्या ना कोणत्या मैनेच्या गळ्यात जशीच्या तशी होती. राखणदाराने विचारले की त्या आलेली साद आपल्याजवळच्या सादेशी ताडून पाहत आणि एकच शब्द कळवत: गोड, किंवा कडू. गोड म्हटले की राई उघडे. कडू म्हटले की मिटे. आपल्याबद्दल कड्यावर काय म्हणतात हे बहुतेकांना ठाऊक नसे. एखाद्या झाडावरून हाकलले गेले म्हणजे कळे.

रानातली सर्वांत गोड साद रायाजीची, असे मैना सांगत. रायाजी हा धनेश. नदीच्या वळणापासून खिंडीपर्यंतचे सगळे उंबर त्याच्या बापाचे होते आणि बापामागे त्याचे झाले. तो उडू लागला की पंखांचा घरघराट लांबवर जाई आणि लहान पाखरे आपणहून वाट देत. त्याला कोणाकडे काही मागायला जावे लागले नव्हते, त्यामुळे कड्यावर आपल्याबद्दल काय बोलतात हे विचारण्याचे त्याच्या मनातही आले नव्हते. चांगलेच बोलत असणार, वाईट बोलायला कारण काय? सकाळी मात्र तो उंच सावरीवर बसून साद घाली. गरज म्हणून नव्हे, ती कशी लांब जाते ते ऐकावे म्हणून. आधी खर्जातला हुंकार, मग भारदस्त हाक, आणि शेवटी एक घोगरी मुरकी, जी त्याच्या घराण्याबाहेर कोणाच्याच गळ्यात नव्हती.

त्याच्या सोबतीला भिवा असे. भिवा हा तांबट, मुठीएवढा, हिरवा, कपाळावर तांबडा टिळा असलेला. कोणते झाड पिकायला आले, कोणत्या फांदीला कीड लागली, हे तो पुढे जाऊन पाही आणि रायाजीला सांगे. बापाच्या वेळेपासून तो या घरात होता.

त्या वर्षी रायाजीची बायको सगुणा ढोलीत बसली. धनेशांमध्ये मादी ढोलीत शिरली की आतून चिखलाने तोंड लिंपून घेते; चोच जाईल एवढी फट तेवढी उरते. आत तिची पिसे गळतात, अंडे उबते, आणि पिल्लू उडण्याजोगे होईपर्यंत तीही उडू शकत नाही. फटीतून जे येईल त्यावरच दोघांनी जगायचे. चिखलाचा शेवटचा थर लावण्याआधी सगुणाने, बाहेर सगळे ठीक आहे ना, असे विचारले होते. रायाजी हसला होता. उंबरांच्या फांद्या फळांनी जमिनीला टेकायला आल्या आहेत, असे त्याने सांगितले, आणि ते खरे होते.

अंड्यातून पिल्लू बाहेर आले त्या सुमारास एका सकाळी रायाजी नदीकाठच्या आपल्या राईत उतरला आणि नेहमीच्या फांदीकडे सरकला, तर राखणदार हरजी फांदीच्या मध्येच येऊन बसला.

रायाजीला वाटले, त्याने आपल्याला ओळखले नाही. म्हणून त्याने मान उंचावून साद घातली. हरजीने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, पण तो जागचा हलला नाही.

"कड्यावरून निरोप आलाय मालक," तो म्हणाला. "तुमची साद कडू झाली."

मग त्याने खाली मान घालून सगळे सांगितले. रायाजीची साद खालच्या अंगाच्या जांभळींवर गेली होती. तिथून सबंध बहर उचलला गेला होता, आणि त्यापोटी नदीकाठची ही राई गहाण सांगितली होती. त्यानंतर तीच साद खिंडीपलीकडच्या करवंदीच्या जाळ्यांवर ऐकू आली. तिथेही असेच झाले. फेड कुठेच झाली नाही. आता जांभळींच्या मालकांची फेड होईपर्यंत या राईतले फळ रायाजीला द्यायचे नव्हते.

रायाजी आधी हसला, मग चिडला. आपण सगुणेची ढोली सोडून कुठेही गेलो नाही, असे त्याने परोपरीने सांगितले. हरजीने ऐकून घेतले. त्याला वाईट वाटत होते, पण त्याची शेपटी फांदीवरून निघाली नाही.

"मी तुम्हाला समोर बघतोय, हे खरं आहे," तो म्हणाला. "पण मला तोंड बघून चालता येत नाही. कड्यावरून येईल त्यावर चालावं लागतं."

रायाजी दुसऱ्या राईत गेला, मग तिसऱ्या. सगळीकडे तोच शब्द त्याच्या आधी पोहोचला होता. शेवटी त्याने मालक नसलेल्या झुडपांतून थोडी किडकी फळे आणि एक सरडा गोळा केला आणि ढोलीशी नेला. आज एवढेच का, असे सगुणाने आतून विचारले. उंबर यंदा उशिरा पिकतायत, असे तो म्हणाला. फांद्या टेकल्याचे त्यानेच तिला सांगितले होते, हे त्याला बोलून गेल्यावर आठवले.

त्यानंतर रायाजीला झोप म्हणून लागेना. चोर कोण? हुंकार कोणीही ऐकला असेल, हाक तर सगळ्या खोऱ्याला ऐकू जाते. पण शेवटची मुरकी हलकी होती. ती सावरीच्या शेंड्याजवळ बसलेल्यालाच नीट कळावी. आणि सावरीच्या शेंड्याजवळ इतकी वर्षे एकच पाखरू बसत आले होते.

हे मनात आल्यावर रायाजीला स्वतःची लाज वाटली. पण आलेला विचार गेला नाही. भिवा दुपारी कुठे जातो? बाकी सगळे वाळत चालले असताना त्याचे पीस असे तुकतुकीत कसे? अमुक झाड रिकामे आहे असे भिवाने सांगितले की रायाजी ऐकून घेई आणि मग एकटाच जाऊन ते झाड पाहून येई. झाड रिकामेच निघे. त्याने त्याचे समाधान होत नसे. भिवा फार सावध आहे, एवढेच त्याला वाटे. भिवा जवळ आला की तो बोलता बोलता थांबू लागला. सकाळची साद तर त्याने बंदच केली. भिवाच्या हे सगळे लक्षात आले असावे, तरी तो रोज झाडांची खबर आणत राहिला.

एका दुपारी रायाजी त्याच्या मागे गेला. भिवा सरळ नदीकाठच्या राईत शिरला आणि हरजीच्या कानाशी बराच वेळ काही बोलत बसला. रायाजीला शब्द ऐकू आले नाहीत. ऐकायची त्याला गरजही वाटली नाही.

संध्याकाळी भिवा परत आला तेव्हा त्याच्या चोचीत पिकलेले उंबर होते. पुन्हा जाऊन त्याने आणखी आणले. ढोलीजवळच्या फांदीवर ती फळे ओळीने मांडून त्याने सांगितले की हरजीकडून आपल्या शब्दावर घेतली आहेत, मालकिणीला द्यावीत.

रायाजीने फळांना चोच लावली नाही. राईच्या मालकाला जे मिळत नाही ते त्याच्या चाकराला कसे मिळते, असे त्याने विचारले. भिवाने सांगितले की त्याची स्वतःची साद लहान आहे, पण कड्यावर ती अजून गोड आहे. हे ऐकून रायाजीच्या मनातली उरलीसुरली गाठही पक्की झाली. माझी कडू, आणि तुझी गोड. मग जे मनात साठले होते ते त्याने बोलून टाकले: मुरकी कोणाला ठाऊक होती, दुपारी कोण कुठे जाते, कोणाचे पीस तुकतुकीत आहे.

भिवा सगळे ऐकून होईपर्यंत बसून राहिला.

"माझ्या गळ्यातून एकच टुक निघते मालक," तो म्हणाला. "जन्मात दुसरा सूर लागला नाही. तुमची साद मी कशी घालू?"

हे खरे होते, आणि खरे आहे हे रायाजीला बोलणे संपायच्या आतच कळले होते. पण संशयाचे पोट एवढ्याने भरत नाही. घालता येत नसेल, सांगता तर येत असेल, असे त्याने म्हटले. भिवा फांदीच्या टोकाशी सरकला. तो उडाला तेव्हा फांदी हलली देखील नाही.

उंबर तसेच पडून राहिले. चोरीचा माल असला तर? असे म्हणत रायाजी त्यांच्याकडे पाहत बसला. ढोलीतून पिल्लाची किरकिर ऐकू येत होती. मन बदलून तो सकाळी फळांकडे वळला तेव्हा मुंग्यांनी ती आतून पोखरून नेली होती.

त्याच सकाळी तो कड्यावर गेला. आपण इथे कधी आलो नव्हतो, हे त्याला तिथे पोहोचल्यावर जाणवले. कड्याला जागोजागी कपारी होत्या आणि प्रत्येक कपारीत मैना बसल्या होत्या, काळ्या, नेटक्या, मानेला पिवळी कातडी लावल्यासारख्या. कोणी ओरडत नव्हते. सगळीकडे हळू आवाजात दुसऱ्यांच्या सादा चालल्या होत्या.

थोरली मैना मंजुळाबाई. तिने रायाजीला अदबीने बसवून घेतले. त्याचे म्हणणे तिने मान हलवत ऐकले आणि असे हल्ली होते, म्हणाली. मोठ्यांच्याच बाबतीत जास्त होते. सातभाईसारख्या गरीब पाखराची साद चोरून कोणाच्या पदरात काय पडणार? मग तिने सांगितले की उपाय सोपा आहे. खरे रायाजी कोण, हे सिद्ध झाले की कडूपणा निघेल. त्यासाठी त्याने फक्त साद घालायची.

रायाजीने छाती भरून घेतली. पण राखणदारांशी ओरडून ओरडून त्याचा गळा बसला होता, आणि पोटात नीट काही गेले नव्हते. हुंकार फाटला. हाक मध्येच तुटली. मुरकी निघालीच नाही.

मंजुळाबाईने शेजारच्या मैनेकडे पाहिले. तिने नकारार्थी मान हलवली.

"तुमची साद तुमच्या सादेसारखी नाही," मंजुळाबाई हळुवारपणे म्हणाली.

रायाजीने सांगितले की साद आपली आहे, आपण तिच्यासारखे असण्याचा प्रश्नच येत नाही. मंजुळाबाईने हेही शांतपणे ऐकले. तिने सांगितले की कड्यावरची साद चांगल्या दिवसांतली आहे, स्वच्छ आहे, आणि ताडून पाहायची ती तिच्याशीच. गळा बरा झाला की पुन्हा यावे. तोवर तक्रार केली आहे, एवढे त्या लक्षात ठेवतील.

तो वादाला उभा राहणार, एवढ्यात पलीकडच्या कपारीतून त्याला स्वतःची साद ऐकू आली. हुंकार, हाक, मुरकी. सगळे अखंड, त्याला सावरीवर साधे त्याहून सरस. एक तरुण मैना डोळे मिटून ती घालत होती. तिच्यासमोर ताजी जांभळे ठेवलेली होती, आणि सावलीत कोणी तरी काळे बसून मान तिरकी करून ऐकत होते. साद संपल्यावर त्याने शेवटचा भाग पुन्हा ऐकवायला सांगितला. मैनेने मुरकी पुन्हा घेतली, या वेळी सावकाश, वळण वेगळे कळावे अशी. ऐकणारा उठला आणि उन्हात आला. शेपटीला लांब, टोकाशी वळलेली दोन पिसे होती. तो भृंगराज होता, कोणाचाही आवाज हुबेहूब काढणारा. रानात भृंगराज थोडेच, आणि त्यांतल्या कोणाला स्वतःची म्हणून साद असल्याचे कोणी ऐकले नव्हते.

तो कोण होता, असे रायाजीने विचारले.

"विचारणारा," मंजुळाबाई म्हणाली.

कोण विचारतो हे त्या पाहत नाहीत का? नाही, असे तिने सांगितले. समोर फळ ठेवणाऱ्याला काही तरी काम असणारच. एखाद्याला रायाजीला फळे द्यायची असतील, त्याआधी त्याची साद कशी असते हे त्याने ऐकायला नको?

"पण तुम्ही माझी साद त्याला देऊन टाकलीत."

"देत नाही आम्ही," मंजुळाबाई म्हणाली. तिला खरोखरच वाईट वाटलेले दिसत होते. "फक्त ऐकवतो."

रायाजी भृंगराजाच्या मागे निघाला. नदीपलीकडच्या बोरींच्या राईवर त्याने त्याला गाठले. भृंगराज पानांत बसून रायाजीची साद घालत होता, आणि राखणदार शेकरू ती ऐकून कड्याकडे निरोप पाठवण्याच्या तयारीत होता. रायाजीने दुसऱ्या बाजूने बसक्या गळ्याने ओरडून सांगितले की तो चोर आहे, रायाजी मी आहे. राखणदार गोंधळला. दोन्ही सादा त्याने कड्याला कळवल्या. उत्तर आले तेव्हा ते स्पष्ट होते: पहिली साद रायाजीची, कडू, फळ देऊ नये. दुसरी कोणाचीच नाही.

भृंगराजाने हे ऐकले आणि तो निघून गेला. त्याचे काही गेले नव्हते. दुसऱ्या एखाद्या श्रीमंताची साद त्याने तोवर ऐकून ठेवलीही असेल. राखणदाराने मग आपल्या भावांना हाक मारली. जे पाखरू कोणीच नाही ते राईत कशाला हवे? कच्च्या बोरांचा मारा सुरू झाला. रायाजीच्या डोळ्याजवळ एक लागले, पंखाच्या सांध्यावर बरीच लागली. तो खाली झुडपांत कोसळला आणि पानांआड पडून राहिला. तिथे पडल्या पडल्या एकच गोष्ट त्याच्या मनात येत राहिली, की भिवाने आणलेले उंबर पिकलेले होते.

झुडपातली चार फळे चोचीत धरून, दुखरा पंख सांभाळत तो ढोलीशी पोहोचला. त्याने सगुणेला हाक मारली. आतून उत्तर आले नाही. त्याने पुन्हा हाक मारली. पिल्लाची किरकिरही थांबली, जणू कोणी त्याच्यावर पंख धरला होता.

बऱ्याच वेळाने सगुणा बोलली. मघाशी कोणी आले होते, ती म्हणाली. तुमच्याच आवाजात बोलले. आईच्या वडाची खूण विचारली.

माथ्यावरचा जुना वड सगुणेच्या माहेरचा होता. त्याची खूण कोणत्याही मैनेच्या गळ्यात नव्हती, कारण ती कधी मोठ्याने म्हटलीच जात नसे; सगुणा ती राखणदाराच्या कानाशी पुटपुटे. ती रायाजीलाही ठाऊक नव्हती, आणि त्याने कधी विचारली नव्हती.

तू सांगितलीस का, असे त्याने विचारले. विचारल्यावर त्याच्या लक्षात आले की चोरानेही हेच विचारले असते.

आतून काही आले नाही. मग तो बोलू लागला. त्याने लग्नाच्या वर्षीच्या गोष्टी सांगितल्या, पहिल्या ढोलीच्या, वणवा लागला होता तेव्हाच्या. तो जितके बोलला तितकी आतली शांतता घट्ट होत गेली. या गोष्टी ऐकल्या असतील, पाठ केल्या असतील, कोणी ढोलीजवळ बसून. आपली बायको आत बसून असेच म्हणत असणार, हे त्याला कळत होते. तिच्या जागी तोही तसेच म्हणाला असता.

"बोलू नका," सगुणा शेवटी म्हणाली. "बोलणाऱ्याचं मला काही कळेनासं झालंय. मघाचाही खूप बोलला. खायला मात्र काही दिलं नाही त्यानं."

रायाजी गप्प झाला. त्याने एक फळ चोचीच्या टोकात घेतले, देठ मोडून टाकला, आणि मऊ बाजू आत जाईल असे वळवून फटीत धरले. ते तसेच धरून तो थांबला. पंख ठणकत होता. आतून एक चोच आली, फळाला लागली, फळावरून त्याच्या चोचीला लागली आणि तिथेच थोडा वेळ राहिली. मग फळ आत गेले.

चारही फळे अशीच गेली. त्यानंतर सगुणाने त्याला कान फटीशी आणायला सांगितला आणि वडाची खूण पुटपुटली.

त्या खुणेवर वडाच्या राखणदाराने फळे दिली, आणि पिल्लू जगले. पण वडाचा बहर सरत आला होता, आणि पिल्लाची भूक वाढत होती. रायाजीचा गळा बरा झाला तेव्हा तो पुन्हा कड्यावर गेला. त्याआधी तो शेजारच्या दुसऱ्या दोन कड्यांवर जाऊन आला होता. तिथेही मैनाच होत्या.

मंजुळाबाईने त्याची साद ऐकली. आता ती बरीच जुळते, म्हणाली. तरी नुसत्या सादेवर निर्णय देता येणार नाही, कारण तशी साद दुसऱ्याही कोणाजवळ आहे, हे रायाजीनेच सांगितले होते. ओळख पटवायला आणखी काही लागेल, जे फक्त त्यालाच ठाऊक असेल. एखादी खूण, घरातली.

रायाजी कड्याच्या कडेला बराच वेळ बसून राहिला. खाली त्याचे उंबर दिसत होते, लालबुंद. काही झाडांखाली फळांचा सडा पडून कुजत होता. शेवटी तो मंजुळाबाईच्या कानाशी गेला आणि वडाची खूण पुटपुटला. तिने ती लगेच, तितक्याच हळू, शेजारच्या मैनेला सांगितली.

याशिवाय तिने एक सोय सुचवली. हंगामातली काही फळे कड्यावर पोहोचवली तर त्या एक मैना रायाजीच्या झाडावर कायमची बसवतील. त्याच्या आवाजात कुठे कोणी साद घातली तर ती त्याला तत्काळ कळवेल. फक्त तिला साद ताजी ठेवावी लागेल, म्हणून ती रोज घोकेल. त्याने स्वतः मात्र होईल तेवढे गप्प राहावे, म्हणजे घोटाळा होणार नाही. रायाजीने मान्य केले.

कड्यावरून गोड असा निरोप गेला, आणि उंबरांच्या राया हळूहळू उघडल्या. आधी नदीकाठची, मग खिंडीजवळच्या. हरजीने त्याला पाहून मान लववली आणि फांदी मोकळी केली. रायाजीने त्याला भिवाबद्दल विचारले. भिवा पलीकडच्या उतारावर गेल्याचे हरजीने सांगितले. त्या दिवशी दुपारी तो आपल्याकडे मालकांसाठीच रदबदली करायला आला होता, हेही सांगितले. रायाजी तिथूनच वळला.

तो उतारावर गेला. दाट पानांतून कुठून तरी टुक, टुक, टुक असा एकसुरी आवाज येत होता. रायाजीने गप्प राहण्याचे कबूल केले होते, पण तिथे त्याने साद घातली, सबंध, मुरकीसकट, जशी बापाच्या वेळी सावरीवर घाली तशी.

टुक थांबली. रायाजी वाट पाहत बसला. पाने हलली नाहीत. कोणी बाहेर आले नाही, आणि तो तिथून निघेपर्यंत टुकही पुन्हा सुरू झाली नाही.

तेव्हापासून त्याने साद घातली नाही. सगुणेशीही तो बोलत नसे. येई, देठ मोडी, मऊ बाजू आत करून फळ धरी आणि जाई. वडाची खूण आपण कड्यावर सांगितल्याचे तर त्याने तिला कळूच दिले नाही. मात्र रोज एक फेरी तो माथ्यावर घाली आणि वडाखाली ओळखीचे नसलेले पीस पडले आहे का, ते पाही. पीस सापडत नसे. तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जाई. ढोलीच्या झाडावर, अगदी शेंड्याला, कड्यावरून आलेली मैना बसे. ती कामाची चोख होती. सकाळी, दुपारी, ऊन कलताना ती छाती भरून रायाजीची साद घाली, आणि ती ढोलीच्या लाकडातून आतपर्यंत घुमे.

पिल्लू उडण्याजोगे झाले तेव्हा सगुणाने आतून चिखल फोडायला सुरुवात केली. रायाजीने बाहेरून मदत केली. ढेपा खाली पडत गेल्या आणि सगुणा बाहेर आली, नव्या पिसांची, डोळे मिचकावत. तिच्या मागून पिल्लू आले. ते ढोलीच्या काठावर डुगडुगत उभे राहिले आणि त्याने पहिल्यांदा उजेड पाहिला.

रायाजी समोरच्या फांदीवर, हात दोन हातांवर बसला होता. त्याच्या चोचीत त्या हंगामातले सर्वांत मोठे उंबर होते, मऊ बाजू पुढे केलेले. पिल्लाने त्याच्याकडे पाहिले, त्याच्या पिवळ्या चोचीकडे, फळाकडे.

वर शेंड्यावर मैनेने साद सुरू केली.

पिल्लाची मान झटकन वर गेली. त्याने पंख पसरले, रायाजीच्या अंगावरून फडफडत, धडपडत ते वरच्या फांदीवर गेले, तिथून त्याच्याही वरच्या. शेंड्याखाली पोहोचल्यावर ते अंग चोरून बसले आणि मैनेसमोर त्याने आपली लाल चोच उघडी केली.